आठ दिवसांचा तक्ता: निरंक

हेडक्लार्कना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी खोटी माहिती सुवाच्य भरायची सवय काही सुटली नव्हती.

मुलीने त्यांना दवाखान्यातून एक यंत्र आणून दिलं. नाण्याएवढी चकती ओटीपोटावर चिकटवायची. लघवीला लागायच्या वीस मिनिटं आधी फोन थरथरतो. मात्र आधी चकतीला शिकवावं लागतं. कपडे ओले झाले की फोनवर वेळ नोंदवायची.

हे सगळं जुन्या कॅशियरसाठी चाललं होतं. तीस वर्षं शेजारच्या टेबलाचा सोबती, आता अंथरुणाला खिळलेला, बसने चार तासांवर. दोन वर्षं हेडक्लार्क गुडघ्याचं निमित्त सांगून जायचं टाळत होते. परवा कॅशियरच्या सुनेने कळवलं, यायचं तर लवकर या.

आठ दिवसांनी दवाखान्याच्या नर्सने घरी येऊन नोंदींचा तक्ता पाहिला. निरंक.

"आजोबा, एकदाही नाही? मग यंत्र शिकणार कशावरून? तुम्हाला याची गरजच नाही, परत घेते मी."

हेडक्लार्कनी मान डोलावली.

"मग दोरीवर रोज चार-चार पायजमे कुणाचे वाळतात हो?" बायकोने शांतपणे विचारलं.

चकती राहिली. ते दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहिली खरी नोंद केली: दुपारी दोन दहा. आठवडाभरात तक्ता भरला आणि लाजही बोथट झाली.

बसमध्ये फोन दोनदा थरथरला. दोन्ही वेळा त्यांनी उठून ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं. बाकीच्या प्रवाशांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

कॅशियर हाडांचा सापळा झाला होता. पलंगाला लघवीची पिशवी सगळ्यांना दिसेल अशी लटकत होती.

"गुडघा कसाय?"

"गुडघा ठणठणीत आहे रे. लघवी थांबत नव्हती. लाज वाटायची."

कॅशियरने मान त्यांच्याकडे वळवली. "माझी चूक तुझ्या नावावर गेली, तुझी बढती पाच वर्षं लांबली. तेच मनात धरून बसलायस असं वाटलं मला. दोन वर्षं माफीची वाक्यं जुळवतोय, पडल्या पडल्या."

 तेवढ्यात हेडक्लार्कच्या खिशातला फोन थरथरला. ते उठले नाहीत. खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"म्हण तर मग," ते म्हणाले. "वीस मिनिटं आहेत माझ्याकडे."