कोपराचं ठिगळ आणि मामीची मूठ

माझा मामा शिंपी. हात असा, की एकदा त्यानं पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले आणि गिऱ्हाईक उड्या मारत घरी निघालं. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. उड्या अजून थांबलेल्या नाहीत.

त्या सकाळी मात्र थट्टेची वेळ नव्हती. मामाच्या नातीची नोकरीची मुलाखत, आणि तिच्या एकुलत्या एक कोटाचं कोपर दुकानाच्या दारातल्या खिळ्याला अडकून टरकन फाटलं. मामा सुई घेऊन सरसावला. मामीनं त्याच खिळ्यावरची किल्ली काढून मुठीत धरली.

"हा कोट बिघडवलात, तर दुकानाला कायमचं कुलूप. डोळे साथ देत नाहीत तुमचे, कबूल करा आता."

मामानं ठिगळ लावलं. नातीनं बाहीत हात घातला, तो कोपरापाशीच थांबला. वरची बाजू खालच्या बाजूला पक्की शिवलेली!

"बॉच!" नातीचे वडील, म्हणजे मामाचे जावई, ओरडले. ते इंग्रजी शिकवतात, त्यामुळे राग इंग्रजीतच येतो.

"म्हणजे काय?" मामानं पडेल आवाजात विचारलं.

"हातातल्या कामाचा विचका करणं."

"अर्धंच काय सांगतोस, बाबा?" नात म्हणाली. "तूच शिकवलंस ना, पूर्वी त्याचा अर्थ डागडुजी करणं, ठिगळ लावणं असा होता म्हणून?"

"होता. पुढे ठिगळं लावणाऱ्यांनीच दिवे लावले असतील, दुसरं काय!"

मामाचा चेहरा उजळला. "म्हणजे आमची भावकी तिकडेही होती! आणि लोक तरीही कपडे आणतच राहिले. नाहीतर शब्द टिकला असता होय?"

मामीला हसू आवरेना. "आणा तो कोट." तिनं टाके उसवले, सुईत दोरा ओवला आणि बाही पुन्हा मिटू नये म्हणून किल्लीसकट मूठच आत घातली. "लावा आता. टोचलीत तर याद राखा!"

टोचली नाही. फक्त मामीच्या स्वेटरचं मनगट कोटाला शिवलं गेलं. उसवायला वेळ कुठला? मामीनंच स्वेटरच्या मनगटावर कात्री चालवली आणि नात कोपराशी आजीची लोकर घेऊन पळाली. नोकरी मिळाली. हात मिळवताना म्हणे साहेबांना एकाएकी स्वतःची आजी आठवली.

मामीनं किल्ली पुन्हा खिळ्याला टांगली. "उद्यापासून बाहीत हात माझा."

"तो स्वेटर दे, मनगट लावून देतो."

"हात तर लावून बघा!"