वरच्या दोन खोल्या

निवृत्त झाल्यावर लोहाऱ्यातल्या आमच्या घरावर मी दोन खोल्या बांधल्या. सत्तावीस वर्षं नर्स म्हणून खेडोपाडी फिरले, आता घरबसल्या भाडं यावं, एवढीच इच्छा. आमच्या ह्यांना, म्हणजे बंडप्पांना (लिहिताना नाव घ्यायला काय जातंय), ते बिलकुल पटलं नव्हतं. सोयाबीनची रास होईपर्यंत भाडेकरू आला नाही तर पोती वर नेऊन टाकणार, असं त्यांनी जाहीर केलं. माझ्या खोल्यांत पोती! छताला मी पांढऱ्या फुलांची नक्षी करून घेतली होती. मला भयंकर राग आला.

खोल्या बघायला माणसं येत, नक्षीचं कौतुक करत, गच्चीवरची टाकी बघत आणि कळवतो म्हणून जात ती जातच. तीन महिन्यांत पाच कुटुंबं गेली.

शेवटी वही घेऊन मी आयुबभाईंकडे गेले. स्टँडमागं त्यांच्या सात खोल्या आहेत आणि वीस वर्षांत एकही कधी महिनाभर रिकामी राहिलेली नाही. अनामत किती, करार लेखी हवा का, पोलिसांत कागद द्यायचा का, नळ गळला तर खर्च कुणाचा, मी विचारत गेले आणि ते पटापट सांगत गेले. मी सगळं लिहून घेतलं. मग मुद्द्याचं विचारलं, की मुळात माणूस येतच का नाही?

त्यांनी कप खाली ठेवला. "सिस्टर, तुमी त्या खोल्यांत कवा राहिलाव का?"

"माझंच घर हाय की."

"तुमचं घर खाली हाय. वर आठ दिवस राहून बघा. खालनं तांब्याभर पाणी बी न्यायचं न्हाय."

इरेला पेटून मी अंथरूण वर नेलं, ह्यांनाही ओढलं. आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. चौथ्या दिवशी सकाळी ह्यांच्या तोंडाला साबण आणि नळ कोरडा. खाली आमचा मोठा हौद, त्यामुळं पाणी संपणं मला कधी ठाऊकच नव्हतं, म्हणून वर पाचशे लिटरची टाकी बसवून मी मोकळी झाले होते. हे साबणासकट हसत सुटले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर दुसऱ्यांना पाणी उकळून प्या म्हणून सांगत हिंडले, आणि स्वतःच्या घरात पाणीच मोजलं नाही.

आणखी दीड हजार लिटरची टाकी बसवली आणि परत आठ दिवस वर राहिले. नवव्या सकाळीही नळ चालू होता.

त्याच दिवशी रास घरी आली, आणि नेमकी शाळेत नव्यानं लागलेली निकिता नावाची मुलगी खोल्या बघायला आली. तिच्याही हातात वही. नक्षीकडं तिनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. थेट विचारलं, आधीचे भाडेकरू का गेले? जिन्यात हे पाठीवर पोतं घेऊन उभे होते.

खोटं बोलणं सोपं होतं. "पाणी संपलं म्हणून," मी म्हणाले. "ती भाडेकरू मीच व्हते. आणखी एक टाकी बसवली, परत राहून बघितलं, आता पुरतंय."

निकितानं वही मिटली आणि किल्ली मागितली.

ह्यांनी पोतं खाली आणून आमच्या झोपायच्या खोलीच्या दारातच टाकलं. मागनं अकरा पोती आणखी आली. रोज त्यांना वळसा घालून झोपायला जाते, आणि मला लई बरं वाटतं.