पँटीवरचा दोरा

आजही ह्यांच्या पँटीला दोरा चिकटलेला होता. काल हिरवा, आज जांभळा.

"चालून आलात?" मी वाती वळता वळता विचारलं.

"हो, खाडीपर्यंत."

चपलांना धूळ नव्हती.

हे एसटीचे ड्रायव्हर. दिवाळीत डावा पाय मुरगळला तो धड बराच होईना. क्लच दाबला की घोट्यातून कळ यायची. डॉक्टर म्हणाले, पाय नुसता ठेवून बसू नका, घोटा हलता ठेवा. महिनाअखेरीला डेपोत गाडी चालवून दाखवायची होती. नाही जमलं तर स्टिअरिंग कायमचं सुटणार. मी त्या पायासाठी सोमवार धरले, रोज देवापुढे बसून जप केला. आणि हे माझ्याशी खोटं बोलत होते.

शेजारची रसिका हळूच म्हणाली, "काकी, काका रोज गोडदेव गावात त्या गोदूबाईकडे दिसतात हां. एकटी बाई आहे, ब्लाउज शिवते. मी आपलं कानावर घातलं."

सोमवारीच मी ह्यांच्या मागोमाग निघाले. ओठांवर शंकराचं नाव होतं, डोक्यात गोदूबाई.

दार उघडंच होतं. हे शिलाई मशीनपाशी बसून डाव्या पायाने पायडल मारत होते. घामाघूम. गोदूबाई बाजूला उभी राहून सुईखाली कापड सरकवत होती.

"भायेर का उभी, बाय? आत ये," ती हसली. "फुकटची मोटर गावलीय मला. पन ब्रेक न्हाय तिला!"

हे चपापले. "क्लचसारखंच आहे गं हे. घोटा मोकळा होतोय."

"मग आपल्या घरात मशीन नाही का? लोकांच्या दारात कशाला?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

हे खाली बघत म्हणाले, "आपल्या मशीनवर तुझे देव आहेत. देवांखाली पाय कसा मारू? तुला सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी ते हलवले असतेस, ते मला नको होतं."

आमच्या एका खोलीत देवांना वेगळी जागा कुठली? मशीन मिटून त्यावर मीच देव्हारा मांडला होता. त्याच्याचपुढे बसून ह्या पायासाठी जप करत होते.

घरी येऊन पाटावर धूतवस्त्र अंथरलं, एकेक देव उचलून त्यावर ठेवला. मशीन उघडलं. चाक जाम झालं होतं. समईसाठी काढलेलं तेल त्यात सोडलं.

"अहो, बसा."

हे बसले. वाकून पायडलला हात लावला, तो कपाळाला लावला, रोज गाडीत चढल्यावर स्टिअरिंगला हात लावून करायचे तसा नमस्कार केला. मग डावा पाय हळूच पायडलवर ठेवला.