राजाचं सूप

पे मालसुकबाई अकरा वर्षं कोरियन टीव्हीवर होत्या, पण पाठमोऱ्या. राजवाड्याच्या मालिकांत रांगेनं उभ्या असलेल्या दासींमध्ये कुठेतरी त्यांचा अंबाडा असायचा, आणि घरी नवरा पाहुण्यांना दाखवायचा, "ती बघा, डावीकडून चौथी." निम्म्या वेळा तो अंबाडा दुसरीचाच असे.

आज मात्र त्यांना वाक्य मिळालं होतं. राजाच्या जेवणात विष नाही ना, हे आधी चाखून बघणाऱ्या बाईचं काम. राणीला हद्दपार केलंय, राजा शोकात ताट दूर सारतो, आणि ही बाई म्हणते, "महाराज, एक चमचा तरी घ्यावा." एवढंच. पण चेहरा समोरून दिसणार होता. सुवॉनच्या अख्ख्या मंडईला त्यांनी सांगून ठेवलं होतं. आता फजिती झाली, तर भाजीला परगावी जावं लागणार होतं.

"मावशी, चुकलात तर वाक्य मागच्या बाईला देईन हं," दिग्दर्शक बान म्हणाला. मागची बाई लगेच केस सावरू लागली.

पहिल्या टेकला मालसुकबाईंनी चांदीच्या चमच्यानं सूप चाखलं आणि त्यांचा जीव कळवळला. नुसतं गरम पाणी. तीस वर्षं सूप-भाताची खाणावळ चालवलेली बाई ती. तेवढ्यात राजा आपलं वाक्य विसरला. दुसऱ्या टेकला त्याची दाढी निसटली. वाफ दिसावी म्हणून सूप पुन्हा उकळून आणून ठेवलं, पण दाढी काही चिकटेना, आणि मालसुकबाईंना काही राहवेना. सेटवरचं जेवण कायम अळणी, म्हणून खारवलेल्या जवळ्याची डबी त्यांच्या बाहीत असायचीच. इकडेतिकडे बघत त्यांनी दोन चमचे जवळा सुपात सोडला, ढवळला, चाखला. आता कसं.

राजा झालेला तोहा हा एकोणतीस वर्षांचा पोरगा. गाल बसलेले दिसावेत म्हणून महिनाभर कोंबडीच्या उकडलेल्या तुकड्यांवर जगत होता. तिसऱ्या टेकला ती वाफ त्याच्या नाकात गेली. ताट दूर सारायचं होतं, त्यानं ते जवळ ओढलं. एक चमचा घेतला. मग सगळा भात सुपात ओतला आणि वाडगाच तोंडाला लावला.

मालसुकबाईंना प्रश्न पडला. राजा जेवायलाच बसला, तर आग्रह करायचा कुणाला? पण अकरा वर्षं थांबलेलं वाक्य त्या काय सोडतात.

"महाराज, एक चमचा तरी घ्यावा."

"घेतोय ना," राजा भरल्या तोंडानं म्हणाला.

"कट! बायको देशोधडीला लागलीय आणि हा ओरपतोय." बाननं वाडगा हुंगला. "यात काय टाकलं?"

"जवळा," मालसुकबाई खाली मान घालून म्हणाल्या. "इतकं अळणी कसं खायला घालायचं हो राजाला?"

"मावशी, तुम्ही विष शोधायला आहात, फोडणी द्यायला नाही. वाक्य मागच्या बाईला द्या."

"एकदा यांच्याबरोबरच करू या," तोहा दाढीतली शितं टिपत म्हणाला. "चूक माझी होती."

सूप तर संपलं होतं. वाडग्यात नुसतं गरम पाणी भरून वर कांद्याच्या पातीचे तीन तुकडे सोडले. राजानं मोठ्या आशेनं वाडग्यात डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. ओठ थरथरले. त्यानं ताट हळूच दूर सारलं.

पोर उपाशी आहे, हे मालसुकबाईंना दिसत होतं. त्यांना भरून आलं. "महाराज," त्यांचा आवाज फाटला, "एक चमचा तरी घ्यावा."

राजानं मान हलवली आणि एक थेंब दाढीत उतरला. मागच्या बाईनंसुद्धा नाक ओढलं.

"ओके," बान डोळे पुसत म्हणाला. "आत्ता दिसला खरा शोक."

तोहा मुकुट काढून मालसुकबाईंजवळ आला. "मावशी, उद्या?"

"मोठं पातेलं आणते."

तो तसाच बानकडे गेला. "सर, राणीचं दुःख इतक्यात विसरणं मला पटत नाही. पुढचे दहा भाग तरी मी शोकातच राहतो. ताट घेऊन मात्र याच बाई हव्यात."