अर्धा चेहरा

"हिच्या गालावरचा तीळ झाका," उमाबाई म्हणाल्या. "तिला नव्हता."

निशाच्या हातातला ब्रश थांबला. क्रांती चौकातल्या तिच्या पार्लरमध्ये नवऱ्या मुली फोटो घेऊनच येत. कुणी नटीचा आणी, कुणी मामेबहिणीचा. निशा त्यांना सबुरीनं शिकवी. नुसता फोटो दाखवून भागत नाही गं, त्यातलं काय आवडलं ते सांग. डोळे की ओठ? आणि काय नको, ते आधी सांग. मुली लाजत, मग एकदा बोलू लागल्या की थांबत नसत. आजची नवरी, प्रेरणा, मात्र आल्यापासून गप्प होती. तिच्या होणाऱ्या सासूबाई, उमाबाई, वैजापूरहून आल्या होत्या, वाटेतली कामं उरकून फुलंब्रीहून तिला घेऊन इथं पोचल्या होत्या. गाडी चालवत आलेला त्यांचा लेक सोमनाथ खाली गाडीतच थांबला होता. फोनमधला फोटोही सासूबाईच दाखवत होत्या.

"ही कोण?" निशानं विचारलं.

"वैदेही. सोमनाथची पहिली बायको."

प्रेरणानं चटकन फोनकडे पाहिलं. स्थळ बिजवराचं आहे हे तिला ठाऊक होतं, पण हा चेहरा ती आज पहिल्यांदा पाहत होती. लग्नाच्या शालूतली, ओठ घट्ट मिटलेली एक मुलगी.

उमाबाई समजावू लागल्या. वारलेल्या पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालायची रीत आहे, तो सोनाराकडून करून आणलाय. पण वैदेही तेवढ्यानं शांत व्हायची नाही. घरात भांडी आपोआप वाजतात, सोमनाथ झोपेतून दचकून उठतो. तिच्याच रूपात कुणी उंबरठा ओलांडला, तर तिला वाटेल आपणच परत आलो, आणि मग ती कुणाला छळणार नाही. तेव्हा भुवया बारीक करायच्या, रंग चांगला उजळ करायचा, भांग एका बाजूला घ्यायचा. बोलत होत्या प्रेरणाच्या चेहऱ्याबद्दल, नजर होती फोनवर.

मुलीचं आणि घरच्यांचं मत जुळत नसलं, की निशा लग्नाआधीच्या मेकअपच्या चाचणीत चेहऱ्याच्या दोन बाजू दोन तऱ्हांनी रंगवी. मग आरशात बघून ठरवावं. उजवी फोटोसारखी करते, डावी हिला विचारून करते, असं तिनं सांगितलं.

उमाबाईंनी मान उडवली. "करा बापा. व्हायचं ते ठरल्यालंच हाय."

उजवी बाजू लवकर झाली. भुवई रंगानंच झाकून बारीक झाली, तीळ गेला, सावळा रंग गेला. मग निशा डावीकडं वळली.

"हं बाळा, तुला काय नको?"

प्रेरणानं आरशात बघत डाव्या भुवईवरून बोट फिरवलं.

"भुवई बारीक नका करू," प्रेरणा हळूच म्हणाली. "आईवर गेलीय ती."

मग एकेक करून ती सांगत गेली. रंग आहे तोच राहू द्यायचा, ओठ डाळिंबी चालतील, काजळ मात्र ठसठशीत हवं. निशा ऐकत होती, तसा तिचा हात चालत होता.

संपलं तेव्हा आरशात एकाच मानेवर दोन बायका बसल्या होत्या. उमाबाई उजवीकडं उभ्या होत्या, त्यांना एकच दिसत होती. त्यांचा आवाज मऊ झाला.

"आता कशी शहाणी दिसती. वैदेही लई हट्टी. उलटं बोलायची. सोमनाथचं ऐकलं असतं, तर गच्चीवरून पडली नसती."

"आत्या," प्रेरणा आरशातूनच सासूबाईंकडं बघत म्हणाली, "त्या तापानं गेल्या म्हणला होतात ना?"

"तापातच पडली," उमाबाई म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये टाकला.

प्रेरणानं कापसाचा बोळा उचलला, मेकअप पुसायच्या दुधात बुडवला आणि उजवी बाजू कपाळापासून हनुवटीपर्यंत पुसून काढली.

"काय करती गं?"

"मला ही बाजू नको."

उमाबाई ओरडल्या असत्या तर निशाला बरं वाटलं असतं. पण त्या शांतपणे दाराकडे गेल्या आणि त्यांनी फोन लावला. "सोमनाथ, वर ये. हीबी तसलीच निघाली रे." मग सावकाश जिना उतरून गेल्या.

शहरातच नोकरीला असलेल्या भावाला, राजेंद्रला, प्रेरणानं फोन केला. पत्ता सांगितला, लगेच ये म्हणाली, कारण सांगितलं नाही.

"ताई, दादा येईस्तोवर ही बाजूबी माझ्यासारखी करून द्या."

निशानं दाराला आतून कडी घातली आणि दिवा जवळ ओढला. जिन्यावर पुरुषाची पावलं वाजू लागली. घाई नसलेली.

"डोळे मिट, बाळा."

"नको ताई," प्रेरणा दाराकडे बघत म्हणाली. "उघडेच राहू द्या."