नव्या चित्राला हळदकुंकू

सत्तावन्न सालची गोष्ट. ऑफिसच्या कोटाची कोपरं विरली, म्हणून त्र्यंबकराव गुप्ते कापड आणायला फोर्टात गेले आणि चित्र घेऊन ठाण्याला परतले. चित्र तरी कसलं, तर अमेरिकेतल्या कुठल्याशा संग्रहालयाने मूळ चित्रावरून जाड कागदावर छापलेली नक्कल. देव नाही, देखावा नाही. नुसते रंगांचे फटकारे आणि शिंतोडे.

शेजारच्या मंदाकिनीबाई बघून म्हणाल्या, "सुमती, याची वरची बाजू कुठली गं?"

सुमतीने पदराआड हसू दाबलं. जमाखर्चाबाहेर कधी पाऊल न टाकणाऱ्या नवऱ्याने स्वतःच्या हौसेचं काही घरात आणल्याचं तिला लग्नापासून आठवत नव्हतं. ते पाय धुवायला गेले, तेवढ्यात शिलाईच्या मशीनला आणि रेडिओला लावलं होतं, तसं तिने या नव्या पाहुण्यालाही कोपऱ्यात अनामिकेने हळदकुंकू लावलं.

पंच्याला हात पुसत ते आले. "बोट नका हं लावू कुणी. मुळातला शिंतोडा न् शिंतोडा उतरलाय म्हणे यात. एक डाग पडला की गेलं."

सुमतीचा हात पदराखाली गेला.

मग रोज संध्याकाळी ते चित्र पलंगावर पसरून बसायचे आणि ती भाजी निवडता निवडता त्यांचा चेहरा निरखायची. आता दिसेल, मग दिसेल. सांगून टाकावं, तर हा माणूस जन्मात एकदा खुळावलाय, त्यावर आपणच पाणी ओतायचं? तिच्या जिवावर येई.

रविवारी दोघं टेंभी नाक्यावर दगडू फ्रेमवाल्याकडे गेली. कागद उलगडून दगडूने खांद्यावरचं फडकं काढलं.

"साहेब, कोपऱ्यात हळदकुंकू लागलंय. पुसू?"

सुमतीने मान खाली घातली.

"राहू दे," त्र्यंबकराव म्हणाले. "काच जपून बसव. सांडेल ते."

रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, "कधी दिसलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला नाहीत ते?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. आणि खरं सांगू? सबंध चित्रात तेवढंच एक कुणीतरी शांतपणे लावलंय."

सुमती कापडाच्या दुकानापाशी थांबली.

"चला आत. कोटाच्या कोपरांना जुळतं कापड घेऊ, मी ठिगळं लावीन. अशा चित्राखाली बसणारा माणूसही जरा बरा दिसायला हवा."