मनीप्लांटच्या बरणीतले सासरे

सुनेनं फोटो स्टुडिओतली नोकरी सोडली ती सासऱ्यांपायी. दोन भावांनी बापाला सहा-सहा महिने वाटून घेतलं होतं, आणि म्हातारा बाथरूममध्ये घसरला तो नेमका धाकट्याच्या पाळीत. तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला. थोरला फोनवर काळजीनं सांगायचा, "हलवू नका हं बाबांना. मला काही घाई नाही." घाई कशाला असेल त्याला!

घरात बसून हिचे हात शिवशिवायचे. मग कोरफडीवरचे थेंब, गजावरच्या मुंग्या, कुंडीतला शेवाळाचा ठिपका, दिसेल त्याचे फोटो काढायची. आज सकाळी स्टुडिओच्या मालकाचा फोन आला होता, "तुझी जागा अजून रिकामी आहे. उद्यापासून येतेस, की दुसरी बघू? संध्याकाळपर्यंत सांग." ती दिवसभर तोंड पाडून होती.

दुपारी खिडकीतल्या बरणीत मनीप्लांटला नवी मुळं दिसली. तिनं गुडघे टेकून फोटो काढला. मुळं नीट आलीत का बघायला तो मोठा केला, तर बरणीच्या फुगीर काचेत, मागच्या उघड्या दारातून दिसणारी सासऱ्यांची खोली उमटलेली. पलंग रिकामा. आणि कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढणारे सासरे. तेही टाचा उंचावून!

"अगं बाई!" तिच्या हातून फोन सुटता सुटता राहिला. वळून बघते तो सासरे पलंगावर, हनुवटीपर्यंत चादर. मिशीला चुरा.

तिनं फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे बाबा?"

"बरणी," सासरे म्हणाले.

"चेष्टा पुरे! तुम्हाला उचलून उचलून माझ्या कमरेचा काटा ढिला झाला. नोकरी गेली माझी. कधीपासून चालताय?"

म्हाताऱ्यानं मिशीवरचा चुरा पुसला. मग हळूच म्हणाला, "बरेच दिवस झाले. चालायला लागलो की इथली पाळी संपली, पोरी. थोरल्याकडे दिवसचे दिवस माझ्याशी कुणी बोलत नाही. तू निदान ओरडतेस तरी."

तिला संताप आला होता, कीवही येत होती. एवढा धडधाकट माणूस, आणि अंगावर ओरडणारं का होईना, कुणीतरी हवं म्हणून पलंगाला चिकटून बसला! ती तशीच बाहेर गेली.

संध्याकाळी नवरा घरी आला. तिनं त्याच्या हातात चहा दिला. बैठकीत उभं राहून तिनं मालकाला फोन लावला. "नाही जमणार हो. सासरे अजून उठत नाहीत. तुम्ही दुसरी बघा."

तेवढ्यात आतून चपला फटफटल्या. नवऱ्याच्या हातातला चहा कलंडला. बाप दारात उभा होता. काठी नाही, आधार नाही. तो सरळ चालत आला आणि सुनेच्या हातून फोन घेतला.

"उद्या येतेय ती," तो मालकाला म्हणाला. "सासरा ठणठणीत आहे. खोटारडा आहे, पण ठणठणीत आहे."

नवरा आ वासून बापाच्या पायांकडे बघत होता. "बाबा... तुम्ही चालता?"

"चालतो." म्हाताऱ्यानं फोन त्याच्यापुढे धरला. "कर दादाला फोन. म्हणावं, येऊन घेऊन जा."

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. फोन कुणीच घेतला नाही.